यशोदेचा डावा हात

देवांचे तुकडे करून मी आयुष्यभर पोट भरलं. देवांनी कधी तक्रार केली नाही. तक्रारी आल्या त्या माणसांच्या, आणि त्यातही सगळ्यात जास्त घोर लावला तो एका डाव्या हातानं. हात प्लायवूडचा होता आणि बराचसा वेळ ताकाच्या डेऱ्यामागंच असायचा. पण त्याच्यापायी एका बाईची आयुष्यभर जपलेली गोष्ट चव्हाट्यावर यायची वेळ आली होती. ती हकीकत सांगायची तर आधी माझा धंदा सांगायला हवा, कारण आता तो कोणी करत नाही.

मेहकरला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं पेंटिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे टपरी, एक शिडी आणि उन्हात वाळत ठेवलेल्या पाट्या. त्या काळात पाट्यांना बरकत होती. आमचा जिल्हा थोड्याच वर्षांत मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि मुंबईतून महाराष्ट्रात गेला. माणसं होती तिथंच होती, मी तेवढा शिडी घेऊन फिरत होतो. जुनं नाव खरवडायचं, नवं लिहायचं. राज्य कोणाचंही येवो, खरवडणारा तोच, असं माझी बायको म्हणायची.

पण श्रावण लागला की पाट्या बाजूला पडत आणि गणपती मंडळांची माणसं येऊ लागत. त्यांना हलता देखावा हवा असे. कोणीतरी कॅलेंडर उलगडून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "पेंटरभाऊ, हे हालवा." जणू कॅलेंडरातला कृष्ण नुसता आळसानं बसला होता आणि मी दम भरला की उठणार होता.

चित्रातल्या वस्तू एकमेकांना चिकटलेल्या असतात. हात बासरीवर, बासरी ओठांवर, मागं गाय, गाईमागं झाड. चितारणाऱ्यानं जेवढं दिसतं तेवढंच काढलेलं असतं. आपण हात उचलला की खाली छाती नसते, भोक असतं. गाय पुढं सरकवली की मागं अर्धंच झाड निघतं. म्हणून चित्रावर पातळ कागद ठेवून आधी खाका उतरवायचा आणि प्रत्येक वस्तूपुढं बसून एकच प्रश्न विचारायचा, हिच्यामागं काय आहे? मग तो खाका प्लायवूडवर चिकटवून झाड वेगळं, गाय वेगळी, अंग वेगळं, हात खांद्यातून वेगळा, कोपरातून पुन्हा वेगळा. प्रत्येक तुकडा दिसतो त्याहून थोडा मोठा कापायचा, शिंपी शिवणीच्या आत कापड सोडतो तसा. झाकलेला भाग आपल्या अकलेनं काढून, रंगवून पुरा करायचा. मग सगळे तुकडे एकामागं एक खिळ्यांवर बसवायचे आणि सुतळीनं सायकलच्या चाकाला जोडायचे. बहुतेक गावांत वीज नव्हती. पडद्यामागं बसून चाक मीच फिरवायचो. लोक वाहवा करत ती समोर दिसतं त्याची. माझी निम्मी मेहनत मागं असायची आणि तिथं बघायला कोणी येत नसे.

देव कापायचा म्हणजे रीतही पाळावी लागे. मूळ चित्राला करवत लावायची नाही, खाक्यालाच लावायची. मान सगळ्यात शेवटी कापायची. मेहकरच्या एका मंडळानं तर मला मारुतीची शेपटी वेगळी करू दिली नाही. अध्यक्ष म्हणाले, "शेपूट तुटलेला मारोती आमाले नोको."

"तुटनार नाही जी, खिळ्यावर हालन," मी म्हटलं.

"हालली तरी कापलेलीच ना?"

शेपटी जागेवर राहिली आणि मी लंका हलवली. सगळे दिवस मारुती खांबासारखा उभा आणि त्याच्यामागं लंका खालीवर. लोकांनी तो भूकंपाचा देखावा समजून दाद दिली. देऊळगाव राजाला एका कापडवाल्या शेठजींनी, देखाव्यात विष्णूला पंख्यानं वारा घालणाऱ्या सेवकाला स्वतःचं तोंड लावून घेतलं. दोन दिवस सेवा उत्तम चालली. मग सुतळी ताणली, पंखा वरच अडकला, आणि शेठजी देवावर हात उगारून उभे राहिले. त्यांच्या दुकानातले नोकर बायकामुलांना घेऊन दर्शनाला येऊन गेले. मी सुतळी सैल केली, पण फार घाईनं केली असं म्हणणार नाही.

आता तो हात. अमडापूरचे भास्करराव एकदा माझ्याकडे आले. नाव मी बदललं आहे, ओळखणारे ओळखतील. जमीन मोठी, आवाज त्याहून मोठा, आणि दसऱ्यानंतर पंचायतीची निवडणूक होती. नवं राज्य आलं तसं ज्याला त्याला सरपंच व्हावंसं वाटू लागलं होतं. भास्कररावांनी गावच्या मंडळाचा देखावा अंगावर घेतला होता. काखेत फडक्यात गुंडाळलेलं चौकटीचं चित्र होतं. भास्करराव लहान असताना एका ड्रॉइंग मास्तरांनी त्यांच्या अंगणात बसून काढलेलं. एक तरुण बाई डेऱ्यात ताक घुसळते आहे, बाजूला एक मूल रांगतं आहे. बाई म्हणजे भास्कररावांची आई, सखूबाई. मास्तर केव्हाच वारले होते, पण हात काय सुरेख होता त्यांचा. पदराची चुणी पाहून वारा कुठून येतो ते कळावं.

"याची यशोदा करा," भास्करराव म्हणाले. "माय अशीच दिसली पाह्यजे. बाजूले किस्न, लोनी खाऊन राह्यला."

"किस्नाचं तोंड कसं काढू जी?"

"ते तुमी पाहा." एवढं बोलून त्यांनी खिशातून स्वतःचा लहानपणचा फोटो काढला आणि चित्रावर ठेवला. "अंदाजाले असू द्या."

अमडापूरला कापसाच्या एका रिकाम्या गोदामात मी मांडामांड केली. चित्र समोर ठेवून खाका काढू लागलो आणि पहिलीच अडचण आली. ताक घुसळताना दोराचं एक टोक ह्या हातात, दुसरं त्या हातात. उजवा मागं आला की डावा पुढं जातो. मास्तरांनी उजवा हात नीट काढला होता, बांगड्यांसकट. डावा मात्र मनगटापासून पुढं डेऱ्यामागं गेला होता. चित्र स्थिर होतं तोवर ठीक. माझी यशोदा हलणार, म्हणजे डावा हात डेऱ्याबाहेर यायलाच हवा. उजव्या हाताचा खाका उलटा करून मी डावा काढला. पाच बोटं, दोराभोवती वळलेली. भास्कररावांनी येऊन चाक फिरवायला लावलं, हात बाहेर आला, आत गेला. ते म्हणाले, "झकास."

दुसऱ्या दुपारी सखूबाई स्वतः आल्या. उंच, वाळक्या, डोक्यावरचा पदर डाव्या खांद्यावरून खाली ओढून घेतलेला. मी चाक फिरवलं. त्यांनी किस्नाकडे बघून ओठ दाबून हसू आवरलं. मग यशोदेपुढं उभ्या राहिल्या.

"पेंटरभाऊ, हा हात कोनाचा हाय?"

"तुमचाच जी, मावशी."

"माहा?" त्यांनी पदरातून डावा हात काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासूनच नव्हतं. "मंग ह्याले काय मनू?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी विचारलं, "दोन बोटं कापून टाकू का जी?"

"मले काऊन इचारता? ज्याले ताकाची हौस हाय त्याले इचारा."

मी भास्कररावांना विचारलं. ते एकदम गंभीर झाले. "खंडित यशोदा चालते का कोठं? भंगलेली मूर्ती आपन पान्यात सोडतो."

"भाऊसाहेब, म्या त तिचे तुकडेच तुकडे केले हायत."

"ते धंद्याचे तुकडे. हे अपशकुनाचे."

हा फरक मला शास्त्रात कुठं सापडला नाही, पण ऐकून घेतला. पाच बोटांची यशोदा उभी राहिली.

गणपती बसले. पहिल्या संध्याकाळी सगळं गाव लोटलं. मी पडद्यामागं चाक फिरवत होतो आणि कान समोर होते. आधी वा वा झाली, मग बायकांच्या बाजूनं कुजबूज सुरू झाली. "सखूबाई हाय वं, हुबेहूब." "बाई त आपली हाय, पन हात कोनाचा लावला?" सखूबाईंचा तो हात साऱ्या गावानं पाहिलेला. कापसाच्या वेचणीत, पाणवठ्यावर, लग्नात पोळ्या लाटताना. ती दोन बोटं नसणं हीच त्या हाताची ओळख होती. परकी बाई त्यांनी एखादे वेळी चालवून घेतली असती, ओळखीच्या बाईला परका हात चालेना. दुसऱ्या दिवशी सकाळी भास्कररावांच्या विरोधकानं चहाच्या हॉटेलात बसून एकच वाक्य सोडलं, "ज्यानं सख्ख्या मायले खोटी बोटं लावली, तो गावाले काय काय लावीन?" दुपारपर्यंत ते वाक्य अख्ख्या गावात फिरून आलं.

भास्करराव घामाघूम होऊन गोदामात आले. "पेंटर, ती दोन बोटं काप."

"अन् खंडित?"

"खंडित गेलं खड्ड्यात. आज सांजच्याले मी बोलनार हाओ. मायनं आमच्यासाठी वावरात राबता राबता बोटं गमावली. लोकायच्या डोयात पानी आलं पाह्यजे. मी म्हनलं 'ह्या हाताकडे पाहा' का तू हात बाहेर काढ."

"खरंच वावरात गेली जी?"

"नाही बे. माहेरी गेली, लहानपनी, कुट्टीच्या यंत्रात. पन इथं कोनाले माईत हाय?" मग कोणती बोटं ते मला नीट कळावं म्हणून त्यांनी स्वतःचा डावा हात टेबलावर पसरला. "ही अन् ही." भरदार हात होता. करंगळीशेजारच्या बोटात पुष्कराजाची अंगठी.

ते गेले. मी पेन्सिलीनं खुणा करत होतो, तेवढ्यात सखूबाई आल्या. मागच्या दारानं, घाईघाईनं. घरात भाषणाची तयारी त्यांच्या कानावर गेली होती. त्या माझ्या समोर जमिनीवर बसल्या.

"पेंटरभाऊ, आज माहा भाऊ येऊन राह्यला. देऊळगावकडून, देखावा पाहाले. भास्कर त्याच्यासमोर वावरातलं बोलला त तो उठून उभा राहीन अन् खरं सांगन."

"लहानपनी गेली हे सांगतील, एवढंच ना जी? भाऊसाहेबाचं हसू होईन, दुसरं काय?"

"लहानपनी नाही गेली."

मग त्यांनी सांगितलं. आज त्या नाहीत, भाऊ नाही आणि भास्कररावही नाहीत, म्हणूनच मी हे लिहितो आहे. भास्करराव रांगते असताना त्या त्यांना घेऊन माहेरी गेल्या होत्या. कडबा कापायचं यंत्र तेव्हा नवंच आलेलं. भाऊ चाक फिरवत होता, त्या कडब्याच्या पेंढ्या आत सारत होत्या. मागून मूल रांगत आलं, यंत्राला धरून उभं राहिलं आणि कडब्याबरोबर त्यानंही हात आत घातला. त्यांनी तो हात बाहेर लोटला. लोटताना स्वतःचा आत गेला. भाऊ गड्याशी बोलत होता, चाक थांबेपर्यंत व्हायचं ते झालं.

"लेकराच्या नखाले नाही लागलं," त्या म्हणाल्या. "मोठा झाल्यावर इचारे, माय, बोटं कोठं गेली? म्या म्हनलं, लहानपनी गेली. नाही त जनमभर माह्या हाताकडे पाहून त्याले घास गिळला असता का? ज्या म्हाताऱ्यायले माईत होतं ते गेले, अन् भावाले शपथ घातली म्हून तो गप हाय, पन असं खोटं आयकून त्याले राहवनार नाही. मास्तरले बी म्याच म्हनलं होतं, हात डेऱ्यामांगं राहू द्या. लेकरू मोठं होऊन चित्र पाहीन."

मी त्या चित्राकडे पाहिलं. हिच्यामागं काय आहे, हा प्रश्न मी जन्मभर विचारत आलो होतो. मागं कोणी ठेवलं आणि कशापायी, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. मला त्या बाईचा फार आदर वाटला आणि मुलाचा राग आला. जो त्याग तिनं लपवला, त्याच्या जागी एक स्वस्त त्याग बनवून तो गावाला विकायला निघाला होता.

"मंग काय करू जी?"

"तुमाले समजते ते करा. तो हात तेवढा लोकायले दिसाले नोको. अन् भास्करले कधी कळाले नोको."

भास्कररावांना नाराज केलं तर त्या भागातलं एकही मंडळ मला दारात उभं करणार नव्हतं. पण त्यांचा हुकूम बोटं कापण्याचा होता. डेऱ्याबद्दल ते काही बोलले नव्हते. मी एक नवीन डेरा कापायला घेतला, आधीच्यापेक्षा पोटाला चांगला सुटलेला. तो पुढं बसवला की डावा हात कितीही सरकला तरी बाहेर दिसणार नव्हता. मग बोटांकडे वळलो. झाकायचाच तर पाच बोटांचा असला काय अन् तीन बोटांचा असला काय, असं कोणी म्हणेल. पण हुकूम होता, आणि झाकलेलं पुरं आणि खरं करायचं हा आमचा नियमच होता. मी म्हटलं, "मावशी, कोठून कापू?"

त्यांनी आपला हात त्या प्लायवूडच्या हातावर ठेवला. "हे इथून. अन् हे जरासं तिरपं."

मी तसंच कापलं. कडा घासून गुळगुळीत केल्या आणि रंग दिला. त्या उठल्या, हात पदरात घेतला आणि आल्या तशा मागच्या दारानं गेल्या.

संध्याकाळी पेट्रोमॅक्स लागले. पडद्याच्या फटीतून मला पुढच्या रांगेत फेटा बांधलेला एक म्हातारा दिसला, सखूबाईंच्याच चेहऱ्याचा, गुडघ्यांमध्ये काठी धरून बसलेला. बायकांत सखूबाई. भास्करराव चौरंगावर उभे राहिले. गणपतीला, गावाला, नव्या राज्याला नमस्कार झाले. मग आवाज कापरा करून म्हणाले, "मायबापहो, माह्या मायच्या ह्या हाताकडे पाहा."

मी चाक फिरवलं. उजवा हात मागं आला, रवी फिरली, किस्नानं लोणी खाल्लं. डावा हात काही आला नाही.

भास्कररावांनी मागं वळून पाहिलं. "ह्या हाताकडे," ते पुन्हा म्हणाले. मग पडद्याकडे तोंड करून दबक्या आवाजात, "जोरात फिरव बे."

मी जोरात फिरवलं. यशोदा लगीनघाई असल्यासारखी ताक घुसळू लागली. किस्नाचा हात लोण्यातून तोंडात आणि तोंडातून लोण्यात असा धावू लागला की त्याला वर्षभर कोणी जेवायला घातलं नसावं. लोक हसायला लागले. म्हातारा हसत नव्हता. त्यानं काठी टेकली होती, उठायच्या बेतात.

तेवढ्यात बायकांतून एक आवाज आला, "काढला वं तो परका हात. बरं केलं." तिच्यामागं दुसरी म्हणाली, "हाव, आता कशी आपली सखूबाई दिसते." आणि टाळ्या सुरू झाल्या.

भास्करराव भाषण विसरले असतील, पण टाळी ओळखायला ते कधी चुकले नाहीत. ते म्हणाले, "हाव, काढला. चुकी झाली होती. माय जशी हाय तशी हाय." पुन्हा टाळ्या. वावर, कष्ट, त्याग सगळं त्यांच्या पोटातच राहिलं. म्हाताऱ्यानं काठी आडवी घेतली.

दसऱ्यानंतर ते निवडून आले. चूक कबूल करणारा माणूस, अशी त्यांची कीर्ती झाली होती. पुढं कुठंही भेटले की चारचौघांत सांगायचे, "डेरा मोठा करा, असं म्याच पेंटरले सुचवलं होतं." मी मान डोलवायचो. पुढं वीज आली, मोटारी आल्या, मंडळं तयार देखावे बाहेरून भाड्यानं आणू लागली. त्यातले देव न थकता सारख्याच वेगानं हात हलवतात. मी एकदा एका मोटारीच्या देखाव्याच्या मागं जाऊन पाहिलं. मागच्या बाजूला रंगसुद्धा लावला नव्हता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

भाषणाच्या त्या संध्याकाळी गर्दी पांगू लागली तरी आरती व्हायची होती, म्हणून मी चाक फिरवतच होतो. पडदा बाजूला करून तो फेटेवाला म्हातारा आत आला. माझ्याशी बोलला नाही. डेऱ्याच्या मागच्या बाजूनं वाकला आणि पुढं मागं सरकणारा तो डावा हात पाहत राहिला. मग बोट लावून त्यानं कापल्या जागा चाचपल्या, आधी एक, मग दुसरी.

"तिरपं," तो म्हणाला. "बरोबर हाय."

मग त्याची नजर सुतळीवरून माझ्या हातातल्या चाकावर आली आणि तिथंच थांबली.

"भाऊ," तो म्हणाला, "हळू फिरवा."